‘खदरी’ : मांजरीच्या नदीतला मासा आणि दोन नावांचा प्रवास

#थ्रेड

पुण्याहून पूर्वेला मुंढवा, केशवनगर मागे टाकून मांजरीच्या पुलावर उभे राहिले की खाली मुळा-मुठा असते. वर्षातले कित्येक महिने ती दिसत नाही, दिसते ती जलपर्णी. हिरव्या थराखाली पाणी आहे हे डोळ्यांपेक्षा नाकाला आधी कळते. पुण्याच्या खालच्या अंगाच्या याच पट्ट्यातून सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एक मोठ्या खवल्यांचा मासा पाण्याबाहेर आला आणि काठावरच्या कोणीतरी त्याचे नाव एका इंग्रज अधिकाऱ्याला सांगितले. ते नाव आज जगभरातील मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत आहे : ‘टॉर खुद्री’. दख्खनी महसीर म्हणून ओळखला जातो तो हा मासा.

मात्र काठावरच्या त्या माणसाने ‘खुद्री’ असा उच्चार केला असण्याची शक्यता फार कमी आहे.

तो अधिकारी म्हणजे विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२). मुंबई इलाख्याच्या सैन्यात तो १८०४ मध्ये दाखल झाला. पेशवाई बुडाल्यानंतर नव्या मुलखाची मोजदाद करणे कंपनी सरकारला भाग होते. १८२४ मध्ये साइक्सची नेमणूक ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’ म्हणून झाली. गावे, माणसे, जमिनींचे प्रकार, पिके, पाऊस, हवामान या सर्वांची नोंद करीत तो १८३१ पर्यंत दख्खनभर फिरला. शेतसाऱ्यासाठी निघालेल्या या मोहिमेत पक्षी, प्राणी आणि मासेही वहीत आले. दख्खनच्या पक्ष्यांवरील त्याची यादी १८३२ मध्ये प्रसिद्ध झाली. माशांवरील टिपण लंडनच्या प्राणिशास्त्र सभेच्या कार्यवृत्तात १८३९ मध्ये आले आणि त्यानंतर चित्रांसह विस्तृत निबंध निघाला. भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड या नद्यांतील चाळीसहून अधिक मासे त्यात आहेत व त्यांतील बहुतेक विज्ञानाला तोवर अज्ञात होते.

या निबंधाचे वेगळेपण त्यातील नावांत आहे. माशाचे जातिनाम म्हणून त्याने पुष्कळ ठिकाणी लॅटिन वा ग्रीक शब्द घडवण्याऐवजी नदीकाठी ऐकलेला शब्दच ठेवला. त्यामुळे त्या शास्त्रीय यादीत शिंगटी आहे, शिंगाळा आहे, कोळस आहे, मळ्या आहे. ‘रोहटी’ तर जातिनामावर न थांबता एका संपूर्ण प्रजातीचे नाव झाली. ही रीत साइक्सने शोधून काढलेली नव्हती. फ्रान्सिस हॅमिल्टन ऊर्फ बुकानन याने १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातील माशांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा रोहित, कातला, मृगाल हे तिकडचे शब्द त्याने असेच उचलले होते. महानंदा नदीतल्या एका महसीरला त्याने ‘टॉर’ म्हटले. पुढे तेच महसीरांच्या प्रजातीचे नाव ठरले. म्हणजे ‘टॉर खुद्री’ या दोन शब्दांत लॅटिन वा ग्रीक मूळ काहीच नाही. पहिला शब्द उत्तर बंगालच्या नदीवरचा आणि दुसरा पुण्याच्या पूर्वेचा. खुद्द ‘महसीर’ शब्दाची व्युत्पत्ती मात्र अजून वादात आहे. कोणी ‘महाशिर’ म्हणजे मोठे डोके सुचवतो, कोणी मोठे खवले, तर कोणी फारसीतला ‘माही’.

साइक्सने या माशाचे ठिकाण लिहिले ते ‘मोटा मोला’ नदी, पुण्याच्या पूर्वेस. मोटा मोला म्हणजे अर्थातच मुठा-मुळा. गावाचे नाव त्याने दिलेले नाही. परंतु संगमाखाली नदी पूर्वेकडे वळते आणि मुंढवा, मांजरी, थेऊर अशी गावे घेत रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. ‘पुण्याच्या पूर्वेस’ या वर्णनात बसणारा हाच पट्टा आहे आणि मांजरी त्याच्या ऐन मध्यात येते. मासा गाजला त्या काठावरच्या गावाचे नाव मांजरी असावे, हा योगायोग कोणाही मराठी माणसाला हसवणारा आहे.

आता उच्चाराकडे. साइक्सच्या काळी देशी शब्द रोमन लिपीत लिहिण्याची आजची पद्धत रूढ झालेली नव्हती. फोर्ट विल्यम कॉलेजात हिंदुस्तानी शिकवणाऱ्या जॉन गिलख्रिस्टच्या वळणाने बहुतेक अधिकारी लिहीत. त्या वळणात इंग्रजी ‘यू’ हे अक्षर ऱ्हस्व ‘अ’साठी येई, ‘ऊ’साठी दोन ‘ओ’ आणि ‘ई’साठी दोन ‘ई’. लखनौ, पंजाब, सतलज यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये तो ‘यू’ अजून टिकून आहे. साइक्सच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘दखन’ हा शब्द दोन ‘यू’ घालून लिहिलेला आहे आणि त्याचा उच्चार ‘दुखुन’ असा कोणीही करणार नाही. विल्यम हंटरच्या नावाने ओळखली जाणारी, ‘अ’साठी ‘ए’ वापरणारी पद्धत सरकारी वापरात आली ती १८७० नंतर. तोवर साइक्सचे शब्द छापून गोठले होते, आणि शास्त्रीय नावाचे स्पेलिंग एकदा प्रसिद्ध झाले की ते सहसा बदलत नाही.

ही किल्ली लावली की यादीतली नावे बोलू लागतात. उत्तम उदाहरण ‘नुक्ता’ या माशाचे. चाकणजवळ इंद्रायणीत मिळालेल्या या माशाच्या नाकाडावर आडवी खोल खाच असते, जणू कोणी नाक छाटले आहे. ‘यू’च्या जागी ‘अ’ घातला की शब्द होतो ‘नकटा’! उर्दूतल्या नुक्त्याशी त्याचा संबंध नाही. कोळ्याने माशाचे तोंड पाहून ठेवलेले ते सरळ मराठी नाव आहे. पुढे हा मासा ज्या प्रजातीत घातला गेला, तिचे नाव डच मत्स्यशास्त्रज्ञ पीटर ब्लीकर याने ग्रीक शब्द जोडून केले होते : ‘स्किस्मॅटोऱ्हिंकोस’, म्हणजे फाटक्या मुस्कटाचा. ब्लीकरपुढे सुमात्राचा मासा होता आणि इंद्रायणीवरच्या माणसाला ग्रीक येत नव्हते, तरी दोघांनी एकच गोष्ट पाहिली.

त्याच न्यायाने ‘खुद्री’मधला ‘यू’ काढला तर उरते ‘खदरी’ किंवा ‘खडरी’. रोमन लिपीत ‘द’ आणि ‘ड’ एकाच अक्षराने लिहिले जातात, म्हणून यापुढे निश्चयाने जाता येत नाही. महाराष्ट्रातील माशांच्या याद्यांत महसीरसाठी ‘खडची’ हे नाव आढळते. ते ‘खडरी’च्या जवळचे वाटते, आणि महसीर खडकाळ तळाच्या डोहांत राहणारा असल्याने ‘खड’ ऐकताच खडक आठवतो. पण अशा आठवणीवर व्युत्पत्ती बांधणे हा लोकव्युत्पत्तीचा जुना सापळा आहे. साइक्सने दख्खन सोडली त्याच १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत प्रसिद्ध झाला. मोल्सवर्थने शब्द देवनागरीत छापले, म्हणून ‘द’ की ‘ड’ हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. साइक्सने काठावरचा आवाज परक्या लिपीत बांधला आणि सांगणाऱ्याचे नाव लिहिले नाही. तो भोई होता की कोळी, मुंढव्याचा की थेऊरचा, हे कळायला मार्ग नाही.

नावापेक्षा मोठी उणीव दुसरीच होती. साइक्सने मासे जागेवर ताजेपणी मोजले, त्यांची चित्रे काढवून घेतली. मात्र ज्यांच्यावरून वर्णने लिहिली ते मूळ नमुने कोणत्याही संग्रहालयात आज नाहीत. शास्त्रात एखाद्या नावाबद्दल वाद झाला की मूळ नमुना काढून पाहतात. येथे पाहायला काहीच नव्हते. हाती होते ते त्रोटक वर्णन, चित्र, नदीचे नाव आणि एक मराठी शब्द. यातून जो घोटाळा झाला त्याची झळ थेट कावेरीपर्यंत पोहोचली.

त्याच १८३९ च्या टिपणात साइक्सने शिरूरजवळच्या घोड नदीतला आणखी एक मोठा मासा वर्णिला होता, ‘मुसुल्लाह’. हाही शब्द अरबी-फारसी वाटतो, पण ‘यू’ची किल्ली लावली की ‘मसला’ वा ‘म्हसला’ असे काहीतरी मराठी वळणाचे रूप निघते. हा नेमका कोणता मासा, याचा निर्णय शंभर वर्षे लागला नव्हता. १९४० च्या दशकात सुंदरलाल होरा यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतातील गळाच्या माशांवर लेखमाला लिहिली. होरा हे त्या काळचे भारतातील सर्वश्रेष्ठ मत्स्यशास्त्रज्ञ, पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी त्यांना आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे : कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’तील मासेमारीच्या प्रकरणाचा अभ्यास करून ते विज्ञानाच्या वाचकांपुढे आणणारे तेच. दख्खनच्या महसीरांचा विचार करताना त्यांनी साइक्सचा ‘मुसुल्लाह’ म्हणजे वशिंडासारखी उंच पाठ असलेला महसीर, असे ठरवले.

वशिंडाचा महसीर कावेरीच्या खोऱ्यात राहतो. महसीरांत सर्वांत प्रचंड तोच. म्हैसूरच्या व्हॅन इंगन कुटुंबातील डी वेट व्हॅन इंगन यांनी १९४६ मध्ये कबिनी नदीत गळाने धरलेला मासा १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा होता. इंग्रज शिकाऱ्यांच्या पुस्तकांत वाघाच्या बरोबरीने गाजलेल्या या माशाला होरांच्या निर्णयामुळे घोडनदीचे मराठी नाव चिकटले आणि ‘टॉर मुसुल्लाह’ या नावाने तो ओळखला जाऊ लागला. होरांच्या अधिकारापुढे शंका घेणे सोपे नव्हते.

हे नाव चुकीचे होते. २०१३ मध्ये जे. डी. मार्कस नाइट आणि सहकाऱ्यांनी साइक्सचे वर्णन पुन्हा तपासले आणि ‘मुसुल्लाह’ हा महसीरच नव्हे, तो ‘हिप्सेलोबार्बस’ या वेगळ्याच प्रजातीचा, कृष्णेच्या खोऱ्यातला मासा आहे, असे दाखवले. घोडनदीचे नाव घोडनदीच्या माशाकडे परत आले. पण मग कावेरीतल्या त्या अजस्र माशाला उरले काय? दीडशे वर्षे ज्याची शिकार झाली, ज्याची छायाचित्रे जगभर फिरली, तो मासा शास्त्राच्या दृष्टीने बेनाव झाला. आणि ज्याला मान्य शास्त्रीय नाव नाही, त्याची धोक्यातील प्राण्यांच्या जागतिक लाल यादीत गणना होऊ शकत नाही. जी जाती नोंदीतच नाही ती नामशेष होत आहे असे सांगणार कसे? २०१८ मध्ये अॅड्रियन पिंडर व सहकाऱ्यांनी कावेरीचा वशिंडाचा महसीर आणि केरळातील पांबर नदीतून आधीच वर्णिलेला ‘टॉर रेमादेवी’ हे एकच असल्याचे सिद्ध केले. हे नाव भारतीय प्राणी सर्वेक्षणातील संशोधक के. रेमा देवी यांच्या सन्मानार्थ दिलेले आहे. नाव मिळाले त्याच वर्षी तो मासा लाल यादीत आला, तोही ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात.

या संकटाचे एक कारण पुन्हा पुणे जिल्ह्याकडे बोट दाखवते. धरणे, वाळूउपसा आणि पाण्यात सुरुंग लावून केलेली मासेमारी यांनी कावेरी आधीच खंगली होती. त्यात बाहेरचा महसीर आला, आणि तो होता खदरी.

हे घडले चांगल्या हेतूने. महसीर सर्वत्र घटत असल्याचे पाहून १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने वळवणच्या तलावाकाठी महसीरचे कृत्रिम प्रजनन सुरू केले. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले या दोघांचे काम यात पायाभूत आहे. महसीर एकदम लाखोंनी अंडी घालणारा मासा नव्हे, त्याची वीण जपावी लागते. त्याची अंडी ओल्या कापसात ठेवून दूरवर, अगदी विमानानेही पाठवता येतात, हे या दोघांनी दाखवून दिले. ही युक्ती इतकी साधी आणि इतकी उपयोगी होती की लोणावळ्याची अंडी आणि बोटुकली देशभरच्या नद्यांत व तलावांत पोहोचली. कावेरीतही पोहोचली. तेव्हा बहुतेकांच्या लेखी महसीर म्हणजे महसीर. नदीगणिक त्याची जात वेगळी असते आणि एका नदीचा मासा दुसरीत सोडणे म्हणजे तेथल्या मूळ रहिवाशाच्या घरात भाडेकरू घुसवणे, हा विचार नंतरचा. आज कावेरीत गळाला लागणाऱ्या महसीरांत निळसर पंखांचा, बाहेरून आलेला महसीर बहुसंख्य आहे आणि वशिंडाचा मूळ महसीर क्वचितच.

अशा रीतीने भीमेच्या खोऱ्यातली, एकाच टिपणात शेजारी छापलेली दोन मराठी नावे कावेरीत जाऊन भेटली. म्हसल्याच्या नावाखाली एका माशाची खरी ओळख झाकली गेली, आणि खदरीचे नाव घेऊन आलेल्या माशाने त्याचीच जागा घेतली. यात होरांना किंवा लोणावळ्याच्या संशोधकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही. हाती असलेल्या पुराव्यावर त्यांनी काम केले. उणीव होती ती पुराव्यातच. ज्यांना या माशांतला फरक नक्की ठाऊक होता त्या काठावरच्या माणसांकडून एक शब्द घेतला गेला आणि बाकीचे ज्ञान तेथेच राहिले. खदरी कोणत्या महिन्यात वर चढते, म्हसला तिच्याहून कसा ओळखावा, कोणता मासा कोणत्या डोहात, हे विचारले गेले असते तर शंभर वर्षांनंतरच्या शास्त्रज्ञांचे काम बरेच सोपे झाले असते.

खदरीची जागतिक स्थिती मधल्या काळात सुधारलेली दिसते. आधी ‘संकटग्रस्त’ असलेली ही जाती लाल यादीच्या २०१८ च्या मूल्यांकनात ‘किमान चिंता’ या वर्गात गेली, आणि त्याचे श्रेय लोणावळ्याच्या कामाला देण्यात आले. आकड्यांच्या हिशेबाने हे बरोबर असेलही. मात्र जातीचे भले झाले म्हणजे नदीचे झाले असे नाही. देहू-आळंदीला इंद्रायणीच्या डोहांत किंवा महाडजवळ वाळणकोंडीला देवाचे म्हणून राखलेले मासे होते आणि आहेत, कारण तेथे जाळे टाकायला लोक धजावत नाहीत. मांजरीच्या पात्राला असा देव मिळाला नाही. महसीरला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो. वरच्या धरणांनी मुळा-मुठेचा वाहता प्रवाह अडवला आणि शहराने उरलेल्या पात्रात सांडपाणी सोडले. तेथे आता तग धरते ती परदेशातून आलेली चिलापी, आणि थोड्या प्राणवायूवर जगणारा आफ्रिकी मांगूर.

मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत आले. साइक्सच्या वेळी जो पट्टा शहरापासून काही मैल दूर होता, तो आता शहरच आहे. आणि तेथे निपजलेला शब्द मराठी वाचकापुढे येतो तो लाल यादीतून, इंग्रजी बातम्यांतून, मत्स्यबीजाच्या पत्रकांतून. गिलख्रिस्टचा ‘यू’ जसाच्या तसा वाचून केलेला ‘खुद्री’.